उपशाचे श्रेय

काही कामे अशी असतात की ती केली म्हणजे जगात काही तरी नवे दिसू लागते. सुताराने पाट केला, कुंभाराने पणती केली, घरातल्या बाईने चकल्यांचा डबा भरला, की त्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे मी केले’ असे म्हणता येते. दुसरी कामे अशी की ती नीट झाली म्हणजे काहीच दिसत नाही. छप्पर वेळेवर शाकारले तर पावसाळ्यात कोणी मान वर करून पाहत नाही. मोरी तुंबली नाही, धान्याला कीड लागली नाही, तापलेल्या पोराचा ताप रात्रीत वाढला नाही, याबद्दल कोणाचा सत्कार झाल्याचे ऐकिवात नाही. अशा कामाचे फळ म्हणजे एक वाईट गोष्ट घडली नाही, एवढेच. आणि जे घडलेच नाही ते कोणाला दाखवावयाचे?

मग अशा कामाची किंमत कशी करावयाची? ते करणाऱ्याला श्रेय कोणते? हा प्रश्न घरातलाच आहे. पण घरातल्या गोष्टी फार जवळ असल्यामुळे डोळ्यांना धड दिसत नाहीत. म्हणून तो विचारण्यासाठी वाचकांना मी थोडे दूर नेणार आहे. वेल्स देशाच्या वायव्य कोपऱ्यात, नान्टले नावाच्या खोऱ्यात, दगडाच्या एका जुन्या खाणीच्या काठी एक उंच घर उभे आहे. ते बांधले होते एका यंत्रासाठी, आणि त्या यंत्राने पंचेचाळीस वर्षे एकच काम केले. त्याने पाणी उपसले.

आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ज्या दगडी पाटीवर श्री काढला, त्याच जातीचा तो दगड. इंग्रजीत त्याला स्लेट म्हणतात. छिन्नी नेमक्या रेषेवर धरून हलका ठोका दिला की त्याचे पातळ पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे चौकोनी छाटून छपरावर बसवले की ऊन, पाऊस, बर्फ यांना पिढ्यान्‌पिढ्या दाद देत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गिरण्या उठल्या, गिरण्यांभोवती कामगारांच्या चाळी उठल्या, आणि त्या साऱ्यांवर वेल्सच्या दगडाची छपरे चढली. १८९८ साली या धंद्याचा कळस झाला. त्या वर्षी सुमारे १७,००० माणसांनी ४,८५,००० टन माल काढला. छपराच्या पाट्यांना नावे मोठी गमतीची होती. २४ इंच लांब आणि १२ इंच रुंद ती ‘डचेस’, २० बाय १० ती ‘काउंटेस’, १६ बाय ८ ती नुसती ‘लेडी’. सरदारघराण्यांतल्या स्त्रियांचे मानाचे किताब असे मजुरांच्या डोक्यावरच्या छपरांवर मोजून घातले जात.

वेल्समध्ये हा दगड तीन तऱ्हांनी काढीत. बेथेस्डाजवळच्या पेन्रिन खाणीत डोंगराला पायऱ्या पाडून. ब्लाइनाइ फेस्टिनियॉगला डोंगराच्या पोटात दालने कोरून. आणि नान्टलेला जमिनीत सरळ खाली उतरून, कारण तिथे दगडाच्या शिरा उभ्या आहेत. शीर जिकडे जाईल तिकडे माणूस जातो. त्यामुळे या खोऱ्यात खोलच खोल खड्डे पडले. त्यांतला एक मोठा खड्डा म्हणजे डोरोथिया खाण. ती सुरू झाली १८२० नंतरच्या दशकात. जमीनमालक गार्नन्स यांच्या पत्नीचे नाव तिला मिळाले.

आता खोऱ्यात खड्डा खणला की पाणी येणारच. नान्टलेचे आणि पाण्याचे नाते तर फार जुने. वेल्सच्या ‘माबिनोगी’ या प्राचीन कथांत लेय नावाचा जखमी वीर गरुड होऊन इथल्याच एका ओकवृक्षावर जाऊन बसतो, आणि ते झाड दोन तळ्यांच्या मधे उभे असते. खोऱ्याला नाव मिळाले ते या लेयचेच. १७६५ च्या सुमारास रिचर्ड विल्सन या चित्रकाराने नान्टलेच्या तळ्यावरून दिसणाऱ्या स्नोडन शिखराचे चित्र काढले. ते आजही प्रसिद्ध आहे. त्या दोन तळ्यांतले खालचे तळे पुढे खाणींपायी नाहीसे झाले. पण तळे नाहीसे केले तरी पाणी आपली जागा विसरत नाही. १८८४ मध्ये डोरोथियाच्या खड्ड्यात पाणी घुसले आणि काही कामगार बुडून मेले. १८९५ मध्ये लिव्नी नदीचे पात्र खोल करून ते खाणीपासून दूर वळवण्यात आले. तरीही पाझर थांबेना. शेवटी १९०४ मध्ये मालकांनी कॉर्नवॉलमधल्या कॅम्बॉर्न गावच्या होल्मन ब्रदर्स या कारखान्याकडून एक प्रचंड वाफेचे यंत्र मागवले. ते १९०६ मध्ये चालू झाले. हे यंत्र ज्यात बसवले ते हे इंजिनघर.

या घराची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. कोकणात लाटेने विहिरीचे पाणी काढीत, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती लवकर कळेल. लाटेचे आडवे लाकूड मधे टेकलेले असते. एका टोकाला पाण्याचे भांडे, दुसऱ्या टोकाला वजन. एक टोक खाली गेले की दुसरे वर येते. कॉर्नवॉलच्या यंत्रातही अशीच एक आडवी तुळई असते. फक्त ती लोखंडाची आणि कित्येक टन वजनाची. तिचे निम्मे अंग घराच्या आत असते, निम्मे भिंतीतून बाहेर आलेले. आतल्या टोकाखाली ६८ इंच व्यासाचा सिलिंडर. त्याच्या तोंडावर उंच माणूस आडवा ठेवला तर दोन्ही कडांना टेकेल. बाहेरच्या टोकाखाली जमिनीत खोल गेलेली उभी विहीर, आणि त्या विहिरीत पंपाचे जडच्या जड दांडे टांगलेले. वाफ दट्ट्याला खाली दाबते, तुळईचे बाहेरचे टोक दांड्यांसकट वर उचलले जाते. मग ते दांडे आपल्याच भाराने खाली येतात आणि येता येता पाण्याला वर रेटतात. म्हणजे वाफ पाणी उचलतच नाही. ती ओझे उचलून ठेवते, आणि ओझे आपले काम करते.

पण तुळई टेकली आहे कशावर? इतर यंत्रांना लोखंडी सांगाडा असतो आणि त्यांच्यावर पाऊस पडू नये म्हणून भोवती घर बांधतात. येथे वेगळा सांगाडाच नाही. तुळईचा आस घराच्या एका भिंतीवर ठेवलेला आहे. इतर भिंतींपेक्षा ही भिंत कितीतरी जाड. ती छपरापर्यंत न जाता मधेच, तुळईच्या उंचीला थांबते, आणि वरची मोकळी जागा तुळईच्या हालचालीला मिळते. दर ठोक्याला साऱ्या यंत्राचा धक्का ही भिंत घेते. भिंत काढली तर यंत्र उरतच नाही. घर आणि यंत्र यांची सीमारेषा या वास्तूत आखता येत नाही. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे चमत्कार उलटा आहे. भिंत तसूभर हलत नाही, म्हणून तिच्यावरचे कित्येक टन लोखंड हलू शकते.

तीन मजल्यांचे हे घर, शेजारी बॉयलरघर आणि धुराडे. नक्षी नाही, कमानींचा थाट नाही. तरीही आज ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याला पहिल्या श्रेणीचे स्थान आहे आणि यंत्र अजून जागेवर आहे. नान्टलेसह वायव्य वेल्समधला स्लेटच्या खाणींचा मुलूख २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरला. हे घर सुंदर वाटते ते का? मला वाटते, त्यातला प्रत्येक दगड कशाला आहे हे सांगता येते म्हणून. याच मुलखात अनिसपान्डी येथे पाट्या कापण्याची एक तीन मजली गिरणी आहे. ती १८५५ च्या सुमारास गोर्सेडाइ खाणीसाठी बांधली. उंच खिडक्यांच्या तिच्या ओसाड भिंती दुरून एखाद्या मठासारख्या दिसतात, आणि आजही लोक त्या पाहायला जातात. पण खाणीत मालच निघेना. १८६७ मध्ये ती बंद झाली, आणि गिरणीला पुरते बारा वर्षेही काम मिळाले नाही. ती गिरणी एका आशेची वास्तू आहे. डोरोथियाचे इंजिनघर एका गरजेची. आशेच्या वास्तूकडे डोळा आधी जातो. मन गरजेच्या वास्तूपाशी अधिक वेळ थांबते.

इथे एक खोच आहे. ज्या १९०६ साली हे यंत्र चालू झाले, त्याच साली स्नोडनच्या कुशीत कूम डली येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि त्या मुलखातल्या खाणींना वीज मिळू लागली. कॉर्नवॉलच्या यंत्राची जात १८१२ पासूनची, रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या हातची. म्हणजे डोरोथियाचे यंत्र जन्मले ते म्हातारपण घेऊनच. असे असताना त्याच्यासाठी बांधलेली भिंत कोणी पातळ केली नाही. पुढे याचे काय होणार, हा हिशेब गवंड्याने दगड रचताना केला नसावा. आज पाणी आहे, आज माणसे खाली खड्ड्यात आहेत, तर आज भिंत पक्की हवी. एवढे त्याला पुरेसे होते. यंत्र १९५१ पर्यंत चालले. मग विजेचे पंप आले. १९७० मध्ये खाण बंद पडली, उपसा थांबला, आणि पाणी वर चढू लागले. शंभर मीटरहून खोल असलेला तो खड्डा आज निळेशार तळे होऊन बसला आहे. काठावर घर, त्यात यंत्र, आणि पायथ्याशी तेच पाणी, ज्याला त्याने पंचेचाळीस वर्षे वर येऊ दिले नाही.

आता एखादा म्हणेल, मग या साऱ्या उपशाचे मिळाले काय? शेवटी पाणीच जिंकले ना? प्रश्न सरळ आहे, पण तो प्रत्येक आईला, प्रत्येक वैद्याला आणि प्रत्येक झाडूवाल्यालाही विचारता येईल. झाडलेले अंगण संध्याकाळी पुन्हा केराने भरते. बरा केलेला रोगी कधी तरी मरतोच. अखेरच्या जमेवरच हिशेब मांडावयाचा ठरवला तर जगातले कोणतेच काम नफ्यात निघणार नाही. उपशाचे फळ शेवटच्या दिवशी मोजावयाचे नसते. ज्या दिवशी खड्डा कोरडा राहिला आणि खाली गेलेली माणसे रात्री घरी जेवायला आली, त्या दिवशीच ते फळ पदरात पडलेले असते. पुढच्या दिवशी पाणी आले म्हणून कालचे जेवण खोटे ठरत नाही.

आपल्या भाषेत धर्म हा शब्द धारण करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. निर्माण करणाऱ्याला आपण डोक्यावर घेतो, पण धर्म हे नाव पूर्वजांनी धारण करणाऱ्या शक्तीला दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणि तरीही घरोघर काय चालते? दिवाळीत फराळाच्या ताटाची वाखाणणी होते, ती योग्यच, फराळ दिसतो. पण त्याआधी आठ दिवस माळे झाडले, डबे घासले, अंथरुणांना ऊन दाखवले, त्याचे नाव कोणी काढीत नाही. आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत जे रोजच्या रोज चालते त्याला तर ‘काम’ हा शब्दही लावीत नाहीत. ‘ती काही करीत नाही, घरीच असते,’ असे आपण सहज बोलून जातो. डोरोथियाच्या यंत्रानेही एक पाटी कापली नाही. ते काही करीत नव्हते. फक्त ते थांबले असते तर बाकी कोणालाच काही करता आले नसते.

इथवर आलो की हा निबंध धारणकर्माची आरती गाऊन संपवण्याचा मोह होतो. पण त्याच खाणीची दुसरी एक हकीकत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विचार अर्धाच राहील.

या खाणींत पाण्याइतकाच दुसरा एक शत्रू होता : धूळ. दगड फोडताना, आणि पुढे यंत्रांच्या करवती आल्यावर बंद गिरण्यांत तो कापताना, जी बारीक भुकटी उडे ती कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन बसे. चाळिशी-पन्नाशीचा माणूस चार पायऱ्या चढताना धापा टाकू लागे. पाणी वाढते तशीच ही धूळ आत वाढत होती, थेंबाथेंबाने. आणि तिचा उपसा करणारे यंत्र मात्र कोणी मागवले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणींच्या काही डॉक्टरांनी या दुखण्याचे खापर कामगारांच्या चहावर फोडले. उकळून उकळून काळा केलेला चहा पितात म्हणून त्यांच्या प्रकृती बिघडतात, असे त्यांचे म्हणणे. धुळीने आजारी पडलेल्या आणि ज्यांचे मालकच आता उरले नाहीत अशा कामगारांना सरकारी भरपाई देणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला तो १९७९ मध्ये. तोवर डोरोथिया बंद होऊन नऊ वर्षे झाली होती.

पाण्यासाठी ६८ इंचांचा सिलिंडर आणि दोन पुरुष उंचीच्याही वर जाणारी भिंत, आणि धुळीसाठी चहाची सबब, असे का झाले? उत्तर कडू आहे, पण अवघड नाही. पाणी चढले की खाण बुडे. मालकाची आणि मजुराची दोघांचीही. धूळ चढली की एकटा मजूर बुडे, आणि तोही हळूहळू, घरी, अंथरुणात. कामगारांचे चार-सहा जणांचे जथे दर महिन्याला मुकादमाशी भाव ठरवून दगडाचा एकेक तुकडा खणायला घेत. सुरुंगाची दारूसुद्धा त्यांना पदरच्या पैशाने घ्यावी लागे. तोट्याचा जेवढा भाग मजुराच्या अंगावर ढकलता येई तेवढा ढकललेला होता. जो तोटा सगळ्यांचा, त्याच्यासाठी वास्तू उभी राहिली. जो तोटा एकट्या गरिबाचा, त्याच्यासाठी भिंतीची एक विटही रचली गेली नाही.

ही माणसे अडाणी होती असे मात्र नव्हे. दुपारच्या सुट्टीत जेवायला ती ज्या दगडी खोपटात बसत त्याला काबान म्हणत. तिथे चहाबरोबर धर्म, राजकारण, कविता यांवर वाद झडत, गाणी होत, अध्यक्ष नेमून सभा चालत. आणि धारण करण्याचा नकारही या लोकांना ठाऊक होता. पेन्रिन खाणीत १९०० च्या नोव्हेंबरात सुमारे २,८०० माणसे बाहेर पडली आणि हा झगडा १९०३ पर्यंत चालला. बेथेस्डातल्या घरांच्या खिडक्यांत ‘या घरात कोणी फितूर नाही’ अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. उपास काढून शेवटी संप फसला, आणि गावात फितूर आणि एकनिष्ठ यांचे वैर पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. तो संप योग्य होता की नाही याचा निवाडा इथे करावयाचा नाही. पण जी व्यवस्था आपल्या खांद्यावर उभी आहे ती आपल्याला कितपत धरते, हे विचारण्याचा खांद्याला हक्क आहे, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

तेव्हा धारण करणे हे आपोआप पुण्य ठरत नाही. भिंत किती पक्की आहे एवढेच पाहून भागत नाही; ती कोणाला बाहेर ठेवून बांधली आहे तेही पाहावे लागते. घराच्या बाबतीत हेच खरे. घर नीट चालले आहे, सण वेळेवर होत आहेत, पाहुण्याला पाणी मिळत आहे, म्हणजे उपसा चालू आहे हे नक्की. पण तो जिच्या श्वासावर चालू आहे तिच्या छातीत काय साचत आहे, हे पाहण्याचे कोणाला सुचले का? ‘आमची आई कधी तक्रार करीत नाही’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. धुळीचीही तक्रार बरीच वर्षे ऐकू येत नाही.

मग श्रेयाचे काय? माझ्या मते धारणकर्माचे श्रेय देण्याची रीत निर्माणाच्या श्रेयाहून निराळी असली पाहिजे. घडवणाऱ्याला शाबासकी पुरते, कारण त्याचे काम त्याच्यासमोर उभे असते. उपसणाऱ्याला शाबासकी पुरत नाही. त्याला वाटेकरी लागतो. ‘किती करतेस गं’ असे म्हणून पुन्हा पाटावर बसणे म्हणजे इंजिनघराला संरक्षित वास्तूचा दर्जा देऊन धुळीकडे पाठ फिरवण्यासारखे आहे. त्यापेक्षा उठून एक हंडा आपण उचलावा.

डोरोथियाच्या काठी ती जाड भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावर तुळई स्थिर आहे. तिच्यामुळे काय झाले नाही, ते तळ्याकडे पाहून कळते. तिने काय अडवले नाही, ते कळायला तालिसार्न गावातल्या म्हाताऱ्यांचा खोकला ऐकावा लागला असता. दोन्ही हिशेब मांडले, तरच त्या गवंड्याच्या कामाचे मोल नीट होते. आणि आपल्या घरातल्या, न दिसणाऱ्या कामाचेही.